फुगडीला कोड नसतो

मी नगरच्या एका खाजगी हॉस्पिटलात कामाला लागले तेव्हा तिसगावला आईला फोन करून सांगितलं, "आई, कोडाच्या खात्यात जागा मिळाली." आई हळू आवाजात म्हणाली, "अगं, ते अंगाला लागत न्हाई ना? तुझं अजून लगीन व्हायचंय."

तिला कोड म्हणजे अंगावरचे पांढरे डाग, एवढंच ठाऊक. मी तिला समजावलं की हे कोड वेगळे. प्रत्येक आजाराला, प्रत्येक ऑपरेशनला एक अक्षर आणि त्यापुढे आकडे असा नंबर असतो. विम्याच्या कागदावर तो बरोबर पडला तर मंजुरी मिळते, चुकला तर कागद परत येतो. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे दुखन्याचा सातबारा."

दुसऱ्या दिवशी मी हे काकांना सांगितलं. काकांनी खिशातून वही काढली, ते वाक्य उतरवून घेतलं, खाली 'तिसगावच्या मातोश्री' असं लिहिलं आणि म्हणाले, "यांना अगोदर का नाही विचारलं कोणी? मी हे काम पंचवीस वर्षं करतोय, मला एवढं नीट सांगता आलेलं नाही."

काका म्हणजे आमचे खातेप्रमुख. खातं म्हणजे तळमजल्यावर एक्स-रेच्या शेजारची खोली, तीन टेबलं, एक कपाट आणि एक पंखा. काका सोनईहून रोज एसटीने यायचे. खोलीत शिरले की चपला टेबलाखाली काढून ठेवायचे, कारण यादीला पाय लागलेला चालायचा नाही आणि चप्पल लागलेली तर त्याहून नाही. खिशाला चार पेनं. निळं आजारांसाठी, काळं ऑपरेशनांसाठी, लाल रद्द झालेल्या कोडांसाठी. हिरवं कशासाठी, असं मी विचारलं तर म्हणाले, "अजून तसा प्रसंग आलेला नाही."

माझी मुलाखत त्यांनीच घेतली होती. बी.एस्सी.चे मार्क बघितलेसुद्धा नाहीत. विचारलं, "बैलानं मारलं आणि म्हशीनं मारलं, यात फरक काय?"

आमच्या घरी दोन्ही होते. मी म्हटलं, "बैल ठरवून मारतो. म्हैस आपल्याकडं बघतसुद्धा नाही, नुसती वळते, आणि आपण पडतो."

काका खूश झाले. "शाब्बास. नोकरी पक्की. पण लक्षात ठेवा, कोडात दोघांना एकच नंबर आहे. हा बैलावर अन्याय आहे, पण आपल्या हातात काही नाही."

ते कुणालाच नावाने हाक मारत नसत. गावाच्या नावाने मारत. मी तिसगाव. वॉर्डातल्या मावशी घोडेगाव. एक्स-रेवाला शेवगाव. नावं बदलतात, असं त्यांचं म्हणणं; मुलींची लग्नात बदलतात, मुलांची पत्रिका बघून बदलतात, गाव मात्र टिकतं. मग आमच्या जिल्ह्याचंच नाव बदललं. पोर्टलवर नवं नाव आलं, पेशंटच्या आधारवर जुनं, आणि आठवडाभर नुसते कागद परत येत राहिले. कॅन्टीनमध्ये दिवसभर त्यावर वाद चालायचा. काकांनी भिंतीवर एक कागद चिकटवला: जुना शब्द, नवा शब्द, कधीपासून लागू. कुणीतरी त्यांना छेडलं, "काका, पण तुम्हाला काय वाटतं?" काका म्हणाले, "वाटायचं खातं वेगळं असेल. हे कोडाचं खातं आहे."

गावाशिवाय काही खास माणसांना मात्र त्यांनी कोड दिलेला होता. आमचे व्यवस्थापक साहेब म्हणजे आर एक्कावन्न. "आर एक्कावन्न जिना उतरतायत," असं काका म्हणाले की आम्ही चहाचे कप लपवायचो. साहेबांच्याही कानावर ते आलं होतं, पण त्यांना तो आपला इंटरकॉम नंबर वाटायचा. आर एक्कावन्न हा डोकेदुखीचा कोड आहे हे त्यांना कुणीच सांगितलं नाही.

घरीही हेच. एकदा मी सोनईला त्यांच्याकडे जेवायला गेले होते. काकू पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "अगं, लग्नाला पस्तीस वर्षं झाली. मला एकदाही नुसतं 'बरं वाटत नाहीये' असं म्हणता आलेलं नाही. लगेच हे वही घेऊन येतात. कुठे? कधीपासून? डावीकडे का उजवीकडे? एवढी उत्तरं देईपर्यंत मी बरी होते."

"बघा," काका पानावरून म्हणाले, "औषध न घेता."

काकांचे वडील सोनईचे जोशी. पाडव्याला ते पारावर बसून नवं पंचांग मोठ्याने वाचायचे आणि निम्मं गाव ऐकायला यायचं. काकांनी पंचांग सोडलं, पण वाचन सोडलं नाही. विम्याची कोडांची यादी वर्षातून एकदा, कधी दोनदा बदलायची. काही कोड मरायचे, काही नवे जन्मायचे, एखाद्याचे तीन तुकडे व्हायचे, दोघांचा मिळून एक व्हायचा. मेलवर नवी यादी आली की इतर हॉस्पिटलांतली मंडळी कपाळाला हात लावत. काकांचा मात्र सण असायचा. यादीची छापील प्रत काढायची, तिला खाकी कव्हर घालायचं, कव्हराला कुंकवाचं बोट लावायचं, आणि दुपारी एक वाजता कॅन्टीनमध्ये जाहीर वाचन. हजेरी सक्तीची. सगळ्यांच्या हातावर खडीसाखर.

"यंदा मूतखड्याचे तीन भाग झालेले आहेत," काका गंभीरपणे वाचायचे. "डावा, उजवा आणि दोन्हीकडचा. मूतखडेवाल्यांनी बाजू सांगितल्याशिवाय दाखल होऊ नये. मोतीबिंदूला वर्ष समाधानकारक. हर्नियाला पूर्वार्ध कठीण. अपेंडिक्स जैसे थे."

डॉक्टर मंडळी गंमत म्हणून यायची, पण आमचे कान-नाक-घशाचे डॉक्टर हळूहळू त्यात गुंतले. एकदा त्यांनी खरंच काळजीने विचारलं, "काका, माझं कसं आहे?" काकांनी चार पानं उलटली. "नाकाला बरं आहे. घशाची शांत करून घ्या."

शेवटी रद्द झालेले कोड. एकेकावर काका लाल रेघ मारायचे आणि प्रत्येकाबद्दल दोन शब्द बोलायचे. "गेला बिचारा. चांगला कोड होता. एकटा तीन आजार सांभाळायचा. मोठ्या कुटुंबातला." त्या वेळी कुणी हसलं तर त्याला दुसऱ्यांदा खडीसाखर मिळायची नाही.

जगात त्यांचा राग एकाच शब्दावर होता: अनिर्दिष्ट. डॉक्टरला नेमकं लिहायचा कंटाळा आला की तो हा शब्द लिहून मोकळा होतो. एका नव्या डॉक्टरने कागदावर लिहिलं, 'पोटदुखी, अनिर्दिष्ट.' काका तो कागद घेऊन अनवाणी तिसऱ्या मजल्यावर गेले.

"डॉक्टर, पेशंटचं पोट बघितलंत का?"

"बघितलं की."

"मग अनिर्दिष्ट कसं? मी एसटीत शेजारच्याचं पोट न बघता सांगतो, काय खाऊन बसलाय ते."

मग ते स्वतः पेशंटच्या खाटेशी स्टूल ओढून बसले आणि पाऊण तासाने वर, खाली, उजवीकडे, जेवणाआधी, जेवणानंतर, असं सगळं लिहून आणलं. पेशंट नंतर नर्सला म्हणाला, "त्ये म्हातारं डॉक्टर लई बारकाईनं बघत्यात."

आता शिंगणापूरच्या आजींची गोष्ट.

श्रावण होता. पंचमी दोन दिवसांवर. नवी यादी त्याच आठवड्यात लागू झाली होती आणि तिच्या वाचनात काकांनी सगळ्यांना बजावून सांगितलं होतं, "यंदापासून नुसतं हाड मोडून चालणार नाही. कसं मोडलं, कुठं मोडलं आणि काय करताना मोडलं, तेही आकड्यांत द्यायचंय." आम्ही खडीसाखर खाल्ली आणि विसरून गेलो.

सोमवारी सकाळी शनिशिंगणापूरहून एक आजी आल्या. सत्तरीच्या पुढच्या, अंगाने काडी, डोळे मात्र सगळीकडे. खुब्याचं हाड मोडलेलं. मुलाचं देवळाच्या वाटेवर फुलांचं आणि तेलाचं दुकान. सूनही बरोबर होती, गप्प, सासूचे केस विंचरत बसलेली. आमचे हाडांचे डॉक्टर म्हणाले, गुरुवारपर्यंत ऑपरेशन झालं पाहिजे, नाहीतर आजी अंथरुणाला खिळतील. मुलगा आमच्या खोलीत येऊन म्हणाला, "मंजुरी आली तर करा. न्हाई आली तर मी आईला घेऊन जातो. आमच्याकडं एकजन हाड बांधतो."

ते बांधलेलं हाड पुढे कसं जुळतं हे एक्स-रेवाल्या शेवगावने बरंच बघितलेलं होतं. तो नुसता मान हलवत बाहेर गेला.

कागदावर डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'घराच्या दारात पडल्या.' आम्ही तोच मजकूर पाठवला. मंगळवारी सकाळी दूरच्या कुठल्यातरी शहरातल्या विम्याच्या तपासनिसाकडून उलट शंका आली. इंग्रजीत होती. तिचा अर्थ असा: रुग्णाच्या गावी घरांना दारं नसतात असे वाचनात आले आहे. तरी रुग्ण दारात कशी पडली, याचा खुलासा करावा.

मी हसायला लागले. काका हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि ती ओळ पुन्हा वाचली.

"तिसगाव," ते भरल्या आवाजात म्हणाले, "पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मला कुणीतरी नेमका प्रश्न विचारलाय."

"अहो काका, पण दारात म्हणजे…"

"तुम्हाला-मला ठाऊक आहे हो. दारात तुळस आहे म्हणतो आपण. तुळस काय बिजागरीला लावतात? पण त्या माणसाला कसं कळणार? त्याचा प्रश्न बरोबर आहे. नेमक्या कुठे पडल्या, हे आपल्यालाच माहीत नाही."

मुलाला बोलावलं. तो म्हणाला, चौकट आहे, कवाड नाही. पण पडली तेव्हा तो दुकानात होता आणि बायको पाणी आणायला गेलेली. म्हणजे कुणीच बघितलं नव्हतं. मग काका वही घेऊन वॉर्डात निघाले. मागून मी.

"आजी, पाय घसरला का ठेच लागली?"

"घसारला."

"कशावर?"

"शेनावर."

"गाय आहे घरी?"

"न्हाई."

"मग शेण कुणाचं?"

आजींनी छताकडे बघितलं. "न्हाई, पानी सांडलं हुतं."

"कोणता पाय घसरला?"

"ह्यो." त्यांनी दाखवला तो पाय मोडलेला नव्हता.

काकांनी शांतपणे वही मिटली. आजी म्हणाल्या, "सायेब, तुमी पोलिसात हुता का आदी?"

"नाही आजी. पोलिसांचं काम सोपं असतं."

आजींनी मुलाला चहा आणायला पाठवलं, सुनेला औषधांच्या दुकानात पिटाळलं. मग मला जवळ बोलावून विचारलं, "पोरी, तू कुठली?"

"तिसगावची."

"तिसगावात पंचमीला बाया काय करत्यात?"

"झोका घेतात. फुगड्या घालतात."

"मंग त्येच."

मला कळलं. काकांना नाही कळलं. "तेच म्हणजे काय? स्पष्ट सांगा."

"फुगडी घालत हुते हो!" आजी दबक्या आवाजात ओरडल्या. "जावंसंगं. मागल्या अंगनात."

आणि मग सगळं बाहेर आलं. आजींचा मुलगा आणि त्यांच्या जावेचा मुलगा, दोघांची दुकानं शेजारी शेजारी. तीन वर्षांपूर्वी एकाच्या ताडपत्रीवरचं पावसाचं पाणी दुसऱ्याच्या फुलांवर पडलं. त्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद. पण या दोघी जावा पन्नास वर्षांच्या मैत्रिणी. दर मंगळवारी नि शनिवारी पोरं दुकानात गुंतली की मागच्या अंगणात भेटायच्या. परवाच्या शनिवारी पंचमीची आठवण निघाली, जाऊ म्हणाली, तुझ्यानं आता व्हायचं न्हाई, आजी म्हणाल्या, ऊठ. पाय रात्रभर दाबून धरला, रविवारही काढला, सोमवारी उठताच येईना तेव्हा कुठे मुलाला सांगितलं, दारात पडले.

"लेकाला कळलं तर म्हनंल आई फितूर झाली," आजी म्हणाल्या. "सायेब, कुनाला सांगू नका. पाया पडले असते, पन पाय मोडलाय."

काका मोठ्या पेचात पडले. खोटं लिहायचं नाही आणि आजींना तोंडघशी पाडायचं नाही. खाटेच्या दांडीला धरून ते उभे राहिले आणि मग त्यांचा चेहरा उजळला.

"आजी, कोडाचं हेच तर आहे. सगळं खरं लिहिलं जातं आणि कुणाला काही कळत नाही. मी तुम्हाला शब्द देतो."

"मंग लिवा," आजी म्हणाल्या.

खाली येऊन आम्ही यादी उघडली. बर्फावरून पडण्याला कोड होता. चाकांचे बूट घालून पडण्याला होता. झाडावरून, शिडीवरून, पलंगावरून, खुर्चीवरून. फुगडीला नव्हता. काका दोन तास शोधत होते. "अख्ख्या जगाच्या पडण्याची यादी केली," ते कपाळ चोळत म्हणाले, "आणि दोन बायका हात धरून गोल फिरतात, हे एकाही विद्वानाला सुचलं नाही!" शेवटी त्यातल्या त्यात जवळचा सापडला, डब्ल्यू शून्य तीन: दुसऱ्या व्यक्तीशी धडक होऊन किंवा तिने ढकलल्याने पडणे. काकांनी नाइलाजाने तो टाकला, जागा म्हणून घराचं अंगण टाकलं आणि पाठवून दिलं.

बुधवारी सकाळी दुसरी शंका हजर. ढकलणारी व्यक्ती कोण? पोलिसांत नोंद झाली आहे का?

आता मुदत एका दिवसावर आली होती. मुलगा दारात उभा राहून घड्याळ बघत होता. काका त्याला म्हणाले, "दुपारपर्यंत थांबा," आणि त्याच्या तोंडावर दार लावून घेतलं. मग म्हणाले, "तिसगाव, घोडेगावला बोलवा. टेबलं भिंतीला लावा."

मावशी फडकं घेऊन आल्या, त्यांना वाटलं काही सांडलंय. काका म्हणाले, "तुम्ही दोघी फुगडी घाला. मला बघायचंय, यात ढकलणं येतं का."

मावशींनी माझ्याकडे बघितलं, मी मावशींकडे. मग मावशींनी पदर खोचला. आम्ही हात धरले.

"थांबा. हात कसे धरलेत? कुणाचा वर? पाय कुठे?" काका आमच्याभोवती वही घेऊन फिरत होते. "आता मागे झुका. किती झुकता? हात सुटला तर मनुष्य कोणत्या दिशेला जाईल?"

"काका," मावशी म्हणाल्या, "फुगडी घालताना इचार करायचा नसतो. पडतो मानूस."

आम्ही सुरू झालो. खोली लहान, मावशी दणकट. तिसऱ्या फेऱ्याला माझ्या कोपराने कपाटाचं दार उघडलं, चौथ्याला वरचा गठ्ठा खाली आला, आणि पाचव्याला खोलीचं दार उघडून व्यवस्थापक साहेब आत आले.

आम्ही थांबलो. खोली थांबायला जरा वेळ लागला. काका सावधान उभे राहिले. "साहेब, विमा कंपनीच्या शंकेचं निरसन चाललंय."

साहेबांनी खाली पडलेले कागद बघितले, मावशींचा खोचलेला पदर बघितला. मला वाटलं, गेली नोकरी. साहेब म्हणाले, "एवढ्या हळू? माझ्या बहिणी याच्या दुप्पट जोरात घालायच्या." आणि दार ओढून निघून गेले.

काकांनी मग इंग्रजीत खुलासा लिहायला घेतला. मी तो टाइप केला, म्हणून मला जवळपास पाठ आहे. मराठीत सांगायचं तर: दोन ज्येष्ठ महिला परस्परांच्या संमतीने एकमेकींचे हात धरतात, पाय जुळवतात, मागे झुकतात आणि गोल फिरतात. हेतू आनंद. या कृतीत ढकलणे संभवत नाही, कारण दोघीही आपापल्या दिशेला ओढत असतात. हात सुटल्यास दोघीही पडू शकतात. येथे एक पडली. प्रयोग करून खात्री केली आहे. ही प्रथा आहे, गुन्हा नव्हे.

तासाभरात उत्तर आलं. एकच शब्द. मंजूर.

मी टाळ्या वाजवल्या. काका जरा खट्टू झाले होते. "आणखी काही विचारलं नाही त्यानं," ते म्हणाले. "एवढा हुशार माणूस."

गुरुवारी ऑपरेशन झालं, छान झालं. शनिवारी दुपारी आम्ही डबे उघडले होते, तेवढ्यात आजींचा मुलगा आत आला. एका हातात मंजुरीचा कागद, दुसऱ्या हातात मोबाईल.

"काका, ह्यो डब्ल्यू शून्य तीन काय हाय?"

"कोड आहे."

"कोड हाय त्ये मला म्हाईतंय. मी मोबाईलवर टाकून बगितला. ह्यात लिवलंय, दुसऱ्या मानसानं ढकललं. माज्या आईला कुनी ढकललं?"

काकांच्या हातातला घास हातातच राहिला. सगळी यादी मोबाईलवर असते हे त्यांना ठाऊक होतं. ती लोक वाचतात, हे ठाऊक नव्हतं.

"पानी आनायला गेले हुते म्हनली ती, पन घरात हुत्या दोघीच," मुलगा दातओठ खात म्हणाला. "आई आन् माजी बायको." आणि तो वळून तरातरा जिन्याकडे गेला.

काका डब्यावरून उठले. हात खरकटा, पाय अनवाणी. त्या वयात त्यांना दोन-दोन पायऱ्या एका वेळी चढताना मी तेव्हाच बघितलं. आम्ही पोचलो तेव्हा मुलगा बायकोसमोर उभा होता. "खरं सांग. तू आईला ढकललंस?" बायकोच्या हातात कंगवा तसाच.

"थांबा!" काका धापा टाकत म्हणाले. "यांचा काही संबंध नाही. चूक माझी आहे. तो कोड मी…" आणि तिथेच अडकले. पुढचं बोलायचं तर दिलेला शब्द मोडायचा. मी त्यांना कोडाच्या बाबतीत कधी गप्प झालेलं बघितलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या.

आजींनी एकदा काकांकडे बघितलं, एकदा सुनेकडे.

"तिला काय इचारतो रं?" त्या म्हणाल्या. "मी फुगडी घालत हुते."

मुलाच्या हातातला मोबाईल खाली आला.

"कुनासंगं?"

"तुज्या चुलतीसंगं."

"चुलतीसंगं?"

"मंग काय तुज्या ताडपत्रीसंगं घालू?"

सगळ्यांत आधी सून हसली. तोंडात पदर कोंबून भिंतीकडे वळली, पण खांदे हलत होते. शेजारच्या खाटेवरची बाई विव्हळली, "अगं बाई, मला हसवू नका, टाके हायेत." सून डोळे पुसत नवऱ्याला म्हणाली, "मला ठाव हुतं. दर मंगळवारी दोन कप च्या मीच करून ठिवत हुते. तुमाला कोन सांगनार?"

मुलगा स्टुलावर बसला. बराच वेळ मोबाईलकडे बघत होता, जणू त्यात याचाही कोड सापडेल.

काका आजींच्या पायाशी गेले. "आजी, मी तुम्हाला शब्द दिला होता."

"तुमी कुटं सांगितलं? त्या मोबाईलनं सांगितलं. जा, हात धुवा आदी."

आजींना घरी सोडायच्या दिवशी शिंगणापूरहून टेम्पो आला. पुढे दोन्ही चुलत भाऊ बसलेले. एकमेकांशी बोलत नव्हते, दोघेही ड्रायव्हरशी बोलत होते. मागे गादी घातलेली आणि गादीवर एक ठेंगणी म्हातारी, डब्यात पुरणाची दिंडं घेऊन. पंचमी होऊन गेली होती, तरी केलेली. ही जाऊ. आजींना उचलून गादीवर ठेवलं आणि दोन मिनिटंही झाली नसतील, आतून आवाज यायला लागला.

"तूच हात सोडलास."

"मी? तुजाच सुटला. तुजी बोटंच बारीक."

"सायेबांनी लिवलंय कागदात. इचार त्यान्ला."

दोघींनी टेम्पोतून माना बाहेर काढल्या. काका हिशोबाने बोलले, "कागदात असं आहे की दोघींचेही हात सुटले."

त्यावर दोघीही त्यांच्यावर चिडल्या. जाऊ म्हणाली, बघितल्याबिगर लिवता कसं. आजी म्हणाल्या, पाय बरा हुंद्या, मंग दावते कुनाचा सुटला त्ये. टेम्पो फाटकाबाहेर जाऊन वळला तरी भांडण ऐकू येत होतं. काका उन्हात उभे राहून ऐकत होते.

पुढच्या सोमवारी काका आले नाहीत. त्यांची रजा मी कधी बघितली नव्हती. दहा वाजता काकूंचा फोन आला.

"अगं, यांची कंबर धरलीये. माझीही."

"दोघांची? काय झालं काकू?"

काकू हसू दाबत होत्या की कण्हत होत्या, कळेना. "काल दुपारी मी अंगणात पापड वाळत घालत होते. हे आले नि म्हणाले, हात दे. मी म्हटलं, काय झालं, काही दुखतंय का? म्हणाले, नाही, हात दे. दोन्ही. मी म्हटलं, अहो, शेजारीण भिंतीवरून बघतीये."

"मग?"

"मग काय. म्हणाले, बघू दे. पाय जुळव आणि झुक मागे. मी धरलंय."